‘वॉव’ची खोटी वंशावळ

इंग्रजी भाषेतील ‘वॉव’ हा आश्चर्योद्गार म्हणजे आपल्या ‘वाह’चेच विलायती रूप होय; कंपनी सरकारच्या गोऱ्या शिपायांनी तो येथील मैफलींत आणि बाजारांत ऐकला, तोंडी बसवला आणि मायदेशी परतताना बरोबर नेला, असे एक मत बृहन्महाराष्ट्रातील मराठी मंडळांतून, स्नेहसंमेलनांतील भाषणांतून आणि भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या संदेशांतून अलीकडे मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. ऐकणारे कौतुकाने माना डोलावतात. पुरावा मात्र कोणी मागत नाही. आम्हांस हे मत सर्वस्वी अमान्य आहे. ते चुकीचे तर आहेच, परंतु त्याहीपेक्षा ते अपायकारक आहे, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

एका चिमुकल्या उद्गारासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, या पृष्ठांचे बहुसंख्य वाचक सरकारी सेवेत आहेत. जमिनीच्या नोंदीस महाराष्ट्रात सातबारा म्हणा, उत्तरेत खतौनी म्हणा, तमिळनाडूत पट्टा म्हणा. ती नोंद बदलावयाची झाली तर आपणांपैकी कोणीही अधिकारी केवळ अर्जदाराचा चेहरा मयत खातेदाराशी मिळताजुळता आहे एवढ्यावरून वारसाचे नाव लावणार नाही. तो जन्माचा दाखला मागेल, नाते विचारील, तारखा ताडून पाहील, हरकती मागवील. कचेरीत इतका काटेकोर असणारा हाच गृहस्थ संध्याकाळी मंडळाच्या सभागृहात दोन शब्दांचे चेहरे जुळले एवढ्यावरून एका परकीय शब्दास आपल्या कुळाचा वारस ठरवून मोकळा होतो. दिवसाची बुद्धी आणि संध्याकाळची बुद्धी यांत एवढे अंतर का असावे? तेव्हा आपण हा दावा कचेरीच्याच रीतीने तपासू.

प्रथम जन्मतारीख. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाचे मोठेपण असे की, तो शब्दाचा नुसता अर्थ देऊन थांबत नाही. तो शब्द लेखनात प्रथम कोठे व केव्हा आढळला, हे सालवार उताऱ्यांनिशी दाखवतो. १८८४ साली त्याचा पहिला भाग निघाला आणि १९२८ साली त्याची पहिली आवृत्ती पुरी झाली. म्हणजे चव्वेचाळीस वर्षे त्याचे प्रकाशन चालले होते. ‘वॉव’ची सर्वांत जुनी नोंद १५१३ सालची आहे. त्या वर्षी स्कॉटलंडमधील गॅव्हिन डग्लस या कवीने व्हर्जिलच्या ‘ईनीड’ या लॅटिन महाकाव्याचे स्कॉट भाषेत भाषांतर पूर्ण केले, आणि त्या ग्रंथात हा उद्गार आहे. आता आपल्याकडील तारखा पाहा. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली. तो पोर्तुगीज होता. इंग्रज व्यापाऱ्यांच्या कंपनीस राणी एलिझाबेथची सनद मिळाली १६०० सालच्या अखेरच्या दिवशी. तिचे पहिले जहाज सुरतेस लागले १६०८ साली. म्हणजे जो शिपाई हा शब्द येथून घेऊन गेला असे म्हणतात, त्याच्या कंपनीचा जन्म होण्यापूर्वी सत्त्याऐंशी वर्षे तो शब्द स्कॉटलंडात कागदावर उतरला होता. ज्याच्या सेवापुस्तकात अशी जन्मतारीख आहे, त्यास त्या बापाचा मुलगा कोणता अधिकारी ठरवील?

यावर काही चतुर मंडळी पवित्रा बदलतात. कंपनीच्या नोकरीत स्कॉट लोकांचा भरणा मोठा होता, हे खरे. तेव्हा शब्दही स्कॉट आणि माणसेही स्कॉट, हा योगायोग कसा, असा प्रश्न ते टाकतात. परंतु स्कॉटलंड व इंग्लंड यांचे राजकीय एकीकरण झाले १७०७ साली, आणि स्कॉट माणसे कंपनीत मोठ्या संख्येने शिरली ती त्यानंतर. रॉबर्ट बर्न्स हा स्कॉट कवी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा उद्गार आपल्या काव्यात योजतो, तेव्हा तो त्या देशात निदान पावणेतीनशे वर्षे नांदत होता. कंपनीच्या स्कॉट नोकराने तो येथे येताना गाठोड्यातून आणला असेल, हे संभवनीय आहे. येथून नेला असेल, हे नव्हे.

जन्मतारखेनंतर अर्थ. आपल्या व्याकरणात अशा शब्दांस केवलप्रयोगी अव्यये म्हणतात. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’सारख्या ग्रंथांपासून शाळेच्या क्रमिक पुस्तकांपर्यंत त्यांचा विचार झालेला आहे, आणि आश्चर्यदर्शक व प्रशंसादर्शक असे दोन निराळे वर्ग आपण लहानपणी पाठ केलेले आहेत. ‘अबब’, ‘बाप रे’, ‘अरेच्चा’, ‘अगबाई’ हे पहिल्या वर्गात बसतात. ‘वाहवा’ व ‘शाबास’ हे दुसऱ्या. गवई समेवर नेमका आला की श्रोता ‘वाह’ म्हणतो. पण घराच्या भिंतीस अकस्मात तडा गेलेला पाहून कोणीही शहाणा मनुष्य ‘वाह’ म्हणत नाही. ‘वाह’ ही गुणाची पावती आहे. उलट जुन्या स्कॉट लिखाणात ‘वॉव’ हा विस्मयाचा शब्द आहे, आणि प्रसंगी दुःखाचा व हळहळीचाही आहे. त्यात पावती नाही. त्यात आघात आहे.

त्या शब्दाचा पुढील प्रवासही याचीच साक्ष देतो. विसाव्या शतकाच्या आरंभी तो अमेरिकेच्या बोलीत बळावला. १९२० च्या सुमारास ‘वॉव’ हे नाम झाले आणि त्याचा अर्थ ‘दणदणीत यश’ असा झाला. चार वर्षांनी त्याचे क्रियापद होऊन ‘प्रेक्षकांस थक्क करणे’ हा अर्थ आला. ध्वनिमुद्रणाच्या शास्त्रात तर तो एका दोषाचे नाव होऊन बसला: तबकडी किंवा फीत फिरण्याची गती हळूहळू कमीजास्त होऊन स्वर हेलकावू लागला, की त्या हेलकाव्यास तंत्रज्ञ ‘वॉव’ म्हणतात. आणि १९७७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील ओहायो येथील ‘बिग इअर’ नावाच्या रेडिओ-दुर्बिणीने अवकाशातून आलेला, बहात्तर सेकंद टिकलेला एक विलक्षण प्रबळ संकेत टिपला, तेव्हा जेरी एहमन या शास्त्रज्ञाने छापील कागदावरील त्या आकड्या-अक्षरांभोवती लाल शाईने वर्तुळ काढून समासात एवढा एकच शब्द लिहिला. तो संकेत आजही त्याच नावाने ओळखला जातो, आणि त्याच्या उगमाचा निर्विवाद निर्णय झालेला नाही. त्या शास्त्रज्ञाने लिहिलेला शब्द ही दाद नव्हती. अज्ञातासमोर अवाक् झालेल्या बुद्धीची ती खूण होती. तेथे ‘वाह’ लिहून पाहा, म्हणजे दोन शब्दांतील अंतर आपोआप ध्यानात येईल.

आता राहिले चेहऱ्याचे साम्य. साम्य आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु साम्य हा नात्याचा पुरावा नव्हे. ‘बदनाम’, ‘बदचालीचा’ हे शब्द आपण फारसीकडून घेतले. त्यांतील ‘बद’ म्हणजे वाईट. इंग्रजीतील ‘बॅड’ म्हणजेही वाईट. ध्वनी जवळजवळ तोच, अर्थ तंतोतंत तोच. तरीही या दोन शब्दांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, हे भाषाशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकातही उदाहरणादाखल दिलेले असते. उलट आपले ‘चक्र’ आणि इंग्रजांचे ‘व्हील’ यांचे तोंड पाहून कोणी त्यांस भाऊ म्हणणार नाही. परंतु ध्वनिबदलाचे नियम लावून मागे गेले असता दोन्ही एकाच प्राचीन शब्दापासून निघाले असल्याचे सिद्ध होते. सख्खे भाऊ ओळखू येत नाहीत आणि परके हुबेहूब जुळतात, असा या क्षेत्राचा न्याय आहे. म्हणूनच तेथे डोळ्यांपेक्षा दप्तरावर विश्वास ठेवावा लागतो.

त्यातून उद्गारांची गोष्ट तर आणखी निराळी. विस्मय झाला की माणसाचे ओठ गोल होतात आणि मग तोंड उघडते. त्या क्रियेतून जो आवाज बाहेर पडेल तो ‘व’ आणि ‘आ’ यांच्या आसपासचा असणार. प्राचीन रोमचे नाटककार पात्रांच्या तोंडी ‘वाह’ असा उद्गार घालीत. चिनी माणूस आश्चर्याने ‘वा’ म्हणतो. केवळ साम्यावर वारसा ठरावयाचा असेल तर रोमन माणसाचा हक्क आपल्या आधी लागतो, आणि चिनी माणसाची हरकत विचारात घ्यावी लागते. भाषेचा उगमच अशा उद्गारांत आहे, असे प्रतिपादणाऱ्या मताची माक्स म्यूलरने १८६१ सालच्या आपल्या व्याख्यानांत ‘पूह-पूह’ असे नाव ठेवून थट्टा केली होती. उद्गार हा मानवी देहाचा सामायिक ठेवा आहे. प्रत्येक समाजाने तो आपापल्या रीतीने घडवला, पण त्यावर कोणा एकाच्या मालकीची पाटी लागू शकत नाही.

एक शेवटचा पूर्वपक्ष उरतो. सर विल्यम जोन्सने १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषांचे मूळ एक असावे असे मांडले. मग ‘वाह’ आणि ‘वॉव’ ही त्याच मुळाची फळे का नसावीत? नसावीत, कारण सांगाती कोणी नाही. ‘विधवा’ आणि इंग्रजीतील ‘विडो’ यांचे नाते सिद्ध होते, ते मधल्या पिढ्या लॅटिन, गॉथिक, जुनी इंग्रजी अशा अनेक भाषांच्या दप्तरांत हजर आहेत म्हणून. ‘वॉव’ला अशा मधल्या पिढ्या नाहीत, तो सोळाव्या शतकात एकाएकी उभा राहतो. आणि ज्यास आपण ‘आपला वाह’ म्हणून मिरवतो, तो तरी मुळात आपल्या घरचा कोठे आहे? तो फारसी दरबारातून आलेला. माधवराव पटवर्धनांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला, तेव्हापासून आपल्या भाषेवरील या ऋणाची मोजदाद मराठी वाचकास उपलब्ध आहे. म्हणजे फारसीकडून उसने घेतलेल्या दागिन्यावर आपले नाव कोरून तो स्कॉटलंडातील माणसाने आपल्याकडून चोरला, असा हा दावा झाला!

परंतु आमचा खरा वाद याच्या पुढचा आहे. हे सारे निरुपद्रवी कौतुक आहे, त्यात कोणाचे काय बिघडते, असे जे म्हटले जाते, ते आम्हांस मान्य नाही. यात बिघडते ते दोन ठिकाणी.

पहिले असे की, खोट्या दाव्यामुळे खरा दावा बुडतो. भारतीय भाषांतून इंग्रजीत गेलेले उद्गार नाहीतच असे नव्हे. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांनी १८८६ साली अँग्लो-इंडियन शब्दांचा जो प्रसिद्ध कोश काढला, त्यात ‘बॉबरी’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ गोंधळ, आरडाओरडा. आणि त्याचे मूळ त्यांनी दिले आहे ते ‘बाप रे’! साहेबांच्या बंगल्याभोवती काही अचाट घडले की नोकरचाकर ‘बाप रे, बाप रे’ म्हणून ओरडत. साहेबास उद्गाराचा अर्थ कळला नाही, गलका तेवढा कळला, आणि उद्गाराचे नाम झाले. नाना जातींच्या कुत्र्यांचा जो विजोड कळप घेऊन गोरे अधिकारी शिकारीस जात, त्यासही ते ‘बॉबरी पॅक’ म्हणत. त्या कोशाचे नावच मुळी ‘हॉब्सन-जॉब्सन’. आणि तो शब्द म्हणजे मोहरमच्या मिरवणुकीतील ‘या हसन, या हुसेन’ या आक्रोशाचा गोऱ्या शिपायांच्या जिभेवर झालेला अपभ्रंश. येथे काळ जुळतो, स्थळ जुळते, माणसे जुळतात, दप्तर हजर आहे. ‘बाप रे’ हा हिंदीचा तसाच मराठीचाही उद्गार. त्या मानात आपला वाटा आहे. शिवाय ‘मुंगूस’ हे आपल्या मराठीचे नाव पोर्तुगिजांच्या मध्यस्थीने इंग्रजीत ‘माँगूस’ होऊन जगभर गेले, हे तर इंग्रजी कोशच सांगतात. असे असता आपल्या सभेत ‘बॉबरी’चे नाव कोणी काढीत नाही, आणि ‘वॉव’च्या खोट्या वंशावळीस मात्र टाळ्या पडतात. व्हॅटिकनला ‘वाटिका’ ठरवणाऱ्या व्युत्पत्तींचे हसे सर्वत्र झालेलेच आहे. शेजारच्या बंगाली किंवा तमिळ अभ्यासकापुढे आपण असा एक दावा केला की, आपले मुंगूसही त्यास संशयास्पद वाटू लागते. परप्रांतात आपण प्रत्येकजण, इच्छा असो वा नसो, मराठीचे वकील असतो. आणि ज्या वकिलाने एकदा बनावट कागद पुढे केला, त्याचे अस्सल कागदही न्यायाधीश दोनदा उलटून पाहतो.

दुसरे नुकसान घरातले आहे, आणि ते अधिक खोल आहे. बदलीच्या नोकरीत वाढणारी आपली मुले दिल्लीच्या, भोपाळच्या वा चेन्नईच्या शाळेत जातात. घरी येऊन ‘वॉव’ म्हणतात. आम्ही त्यांस दोष देत नाही, आणि तो शब्द उंबऱ्याबाहेर घालवावा असेही म्हणत नाही. टेबल, स्टेशन, पेन्सिल यांस घरात जागा देणाऱ्या भाषेस एका उद्गाराचे भय कशाला? परंतु त्याच वेळी वडील हसून म्हणतात, “चालायचेच, तो शब्द मूळचा आपलाच आहे.” या एका वाक्याने ते आपल्या जबाबदारीतून सुटतात. शब्द आपलाच असेल तर काही गमावले नाही. आणि काही गमावले नसेल तर काही शिकवावयासही नको. खोट्या वंशावळीचे खरे काम हे आहे. दिसावयास ती अभिमानाची गोष्ट, परंतु वस्तुतः ती आळसाची सबब होय.

आणि गमावतो आहोत ते थोडेथोडके नव्हे. मराठीतील विस्मय एका रंगाचा नाही. संख्येने वा आकाराने छाती दडपली तर ‘अबब’. भीतीची छटा असेल तर ‘बाप रे’. अपेक्षा चुकली तर ‘अरेच्चा’. स्त्रीच्या तोंडी ‘अगबाई’ आणि ‘अय्या’, त्यांतही पहिल्यात प्रौढपणा व दुसऱ्यात अल्लडपणा. सौंदर्याने मन निवले तर ‘अहाहा’. विस्मयात करुणा मिसळली तर ‘आई गं’. बोलणाऱ्याचे वय, लिंग, मनःस्थिती आणि समोरच्या वस्तूचे स्वरूप, एवढा मजकूर एका उद्गारात भरलेला असतो. या साऱ्यांच्या जागी एकच ‘वॉव’ बसला की हिमालयाचे शिखर, नवी चप्पल आणि शेजाऱ्याच्या मुलीचे गुण यांस मन एकाच स्वरात उत्तर देऊ लागते. व्याकरण व शब्दसंपत्ती पुस्तकातून पुढे शिकता येते. उद्गार मात्र कानावर पडूनच येतो. तो विचार करून उच्चारला जात नाही. म्हणूनच परक्या गावी भाषा ओसरू लागली की ती कोठवर ओसरली हे मोजण्याची खूणकाठी तोच असतो. मूल गडबडीत, दचकून, काही न ठरवता काय म्हणते, यावरून त्याच्या घरची भाषा कळते.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. शब्द उसना घ्यावयास हरकत नाही. तो उसना आहे हे नाकारण्यास आहे. ‘वाहवा’ आपला झाला तो वंशाने नव्हे, वहिवाटीने. शतकानुशतके मराठी माणसाने तो मनापासून वापरला म्हणून. उद्या ‘वॉव’ही त्याच वाटेने आपला होईल किंवा न होईल, तो निर्णय पुढील पिढ्यांच्या जिभा करतील, आपल्या सभेतील ठराव नव्हे. मात्र तोवर त्याच्या नोंदीत जन्मस्थान ‘स्कॉटलंड’ असेच राहू द्यावे. कृ. पां. कुलकर्णी यांनी १९४६ साली मराठीचा व्युत्पत्तिकोश सिद्ध केला. असा एक ग्रंथ मंडळाच्या कपाटात ठेवावा, आणि कोणी सभेत नवी व्युत्पत्ती मांडू लागला की साल कोणते, स्थळ कोणते, साक्षीदार कोण, हे तीन प्रश्न त्यास नम्रतेने विचारावेत. अर्जदारास आपण रोज हेच विचारतो.

आणि घरी मुलाने ‘वॉव’ म्हटले तर त्यास रागावू नये, त्याच्यापुढे वंशावळही उलगडू नये. ती वस्तू पाहून आपण स्वतः मोकळ्या कंठाने ‘अबब’ म्हणावे. मुलाच्या कानावर तो पडला पाहिजे, आणि परमुलखात तो त्याच्या कानावर घालणारे आपल्याशिवाय दुसरे कोणी नाही.